इचलकरंजीची गाडी, माझ्या नावाची पॉलिसी

कोल्हापुरात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की घरातलं, शेजारचं, ऑफिसातलं जो तो पहिलं एकच विचारतो, "पुरात बुडालेली न्हाई न्हवं?" २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. आमचं घर शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून फार लांब नाही. नाल्याचं पाणी फुगून मागं यायला लागलं की गाड्या राजारामपुरीत पाहुण्यांच्या दारात नेऊन लावायच्या, हे आमच्या गल्लीत ठरून गेलंय.

मी २०२४ च्या दिवाळीनंतर जी गाडी घेतली ती इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याची होती. जून २०२१ ची नोंदणी, ११९७ सीसी, पेट्रोल. म्हणजे शोरूममधून बाहेर पडल्यावर महिन्याभरातच पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली होती. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी पुढच्या सीटचे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, कारण पट्ट्याचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथं चिखलाची रेघ राहते. कार्पेट उचललं, फ्यूज बॉक्सचे स्क्रू गंजलेत का पाहिलं. सगळं ठीक होतं.

मला मात्र आणखी एक पुरावा हवा होता, आणि तो पॉलिसीच्या कागदात मिळाला. मालकाकडून चालू पॉलिसीबरोबर आधीच्या तिन्ही वर्षांचे कागद मागून घेतले. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट, ज्याला सगळे एनसीबी म्हणतात, तो ठरलेल्या पायऱ्यांनी चढतो. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम झाला की शून्य. या गाडीच्या पहिल्या पॉलिसीत शून्य, मग २०, मग २५, आणि चालू पॉलिसीत ३५. म्हणजे २०२१ च्या पुरात या गाडीवर क्लेम झालेला नव्हता. कुणी स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली असेल तर ते यातून कळत नाही, हे खरं. पण मिस्त्रींची तपासणी आणि हे चार आकडे जुळल्यावर मी निर्धास्तपणे टोकन दिलं. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं मागच्या सगळ्या पॉलिसी मागाव्यात असं मला मनापासून वाटतं. देणाऱ्याचं त्यात काही जात नाही.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आरटीओचं काम सुरू झालं. मालक म्हणाले, "इन्शुरन्स फुल्ल हाय ताई, जूनपर्यंत बघायचं काम न्हाई." आमचे एजंट, जे आमच्या यजमानांचे जुने दोस्त आणि माझे भाऊजी लागतात, त्यांनी मात्र लगेच अर्ज भरायला लावला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की विमा नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, पण ते संरक्षण दुसऱ्याच्या नुकसानीपुरतं, म्हणजे थर्ड पार्टीपुरतं. आपल्या गाडीचं स्वतःचं नुकसान भरून मिळायचं असेल तर कंपनीच्या कागदावर आपलं नाव चढायला हवं. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. आरसी नावावर झाली आणि पॉलिसी जुन्याच माणसाच्या नावावर राहिली अशा गाड्या कोल्हापुरात शेकड्यानं फिरत असतील. त्यांच्यातल्या एकीला ठोकर बसली की मग मालक आणि कंपनी यांची पत्रापत्री सुरू होते.

नाव बदलताना एनसीबीचा हिशोब पुन्हा आला. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. व्यापाऱ्याचा ३५ टक्के त्यांच्याबरोबर गेला, तो त्यांनी नव्या गाडीला लावला. माझी जुनी गाडी विकताना मी कंपनीकडून माझ्या ४५ टक्क्यांचं पत्र घेऊन ठेवलं होतं. हे पत्र तीन वर्षं चालतं. नव्या मालकाचा बोनस पॉलिसीवर लिहिलेल्या बोनसपेक्षा कमी असेल तर फरकाची रक्कम भरून घेतात. माझा जास्त होता, म्हणून भरावं लागलं नाही. पत्र नसतं तर उरलेल्या महिन्यांचा ३५ टक्के माझ्याकडून वसूल झाला असता.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही नव्या नावानं घ्यावा लागतो. माझी तेवढ्याच रकमेची वेगळी अपघात पॉलिसी आधीपासून होती, म्हणून तसं लेखी देऊन तो खर्च टाळता आला. भाऊजींनी आपणहून हे सांगितलं, त्यांना त्यात कमिशन सोडावं लागलं तरी.

त्या रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर कागद पसरून बसले. पहिलं पान म्हणजे शेड्यूल. त्यावर दोन रकाने. एक ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. दुसरा लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळं दुसऱ्याचं झालेलं नुकसान. दुसरा रकाना कायद्यानं सक्तीचा आहे, कलम १४६. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. या रकान्याचा हप्ता कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जून २०२२ पासून वर्षाला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. कुठल्याही कंपनीकडं जा, हा आकडा हाच. म्हणून "आमच्याकडं स्वस्त" असं कुणी म्हणालं तर ते स्वस्त पहिल्या रकान्यातनं आलेलं असतं, आणि तिथं काय कमी केलंय ते विचारायला हवं.

थर्ड पार्टीत माणूस दगावला किंवा जखमी झाला तर भरपाईला वरची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते. दुसऱ्याच्या मालमत्तेला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे, आणि हप्त्यात थोडी सूट घेऊन ती ६,००० रुपयांवर आणायची सोय असते. मला ही सोय अजिबात पटत नाही. गंगावेशीत एखाद्या दुकानाच्या काचेच्या शटरला धक्का लागला तरी सहा हजारांत निभावत नाही. माझ्या पॉलिसीत साडेसात लाखच होते, हे बघून बरं वाटलं.

आता आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती ही. त्या मॉडेलच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणं घसारा वजा करतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दर वर्षी २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात ५०. रोड टॅक्स, नोंदणी यातलं काही धरत नाहीत. सात लाखांच्या गाडीची चौथ्या वर्षातली आयडीव्ही म्हणून ४ लाख २० हजार लिहिली होती. मी व्यापाऱ्याला मोजले होते पाच लाख. म्हणजे दुसऱ्याच दिवशी गाडी वाहून गेली असती तर ऐंशी हजार माझे गेले असते. जुनी गाडी बाजारभावानं घेतली की ही दरी राहतेच, ती माहीत असलेली बरी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरते. पुरात सापडलेल्या गाड्यांचं बहुतेक तेच होतं, कारण सीटखालची वायरिंग, एअरबॅगची यंत्रणा, सगळं एकदम बिघडतं.

पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापणारं जादा कवच, नव्हतं, इंजिनासाठीचं इंजिन प्रोटेक्टही नव्हतं. मध्येच घालता येणार नाही, नूतनीकरणाला बघू, असं ठरलं.

नूतनीकरणाआधी जानेवारी आला. ऊस हंगाम ऐन भरात. पन्हाळ्याकडून येताना चढावर पुढं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. मी अंतर ठेवून थांबले होते. ट्रॅक्टर चढाला दमला, गचका बसला आणि मागची ट्रॉली सरकत आली. उसाचे शेंडे आधी काचेवर आले, मग ट्रॉलीची लोखंडी कड बॉनेटवर. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. चालक पंचविशीचा पोरगा, बीडकडचा. पाठोपाठ टोळीतल्या बायका उतरल्या, एकीच्या कडेवर पोर. तो हात जोडून म्हणाला, "ताई, पैशाचं मुकादमाला विचारावं लागंल." मी त्याला म्हटलं, तू आधी चाकाखाली दगड लाव.

माझ्याकडं ओन डॅमेज होतं म्हणूनच मला त्या पोराशी भांडावं लागलं नाही. आपल्या गाडीची भरपाई आपलीच कंपनी देते, चूक कुणाची यावर ती अडत नाही. चालवणाऱ्याकडं वैध लायसन्स हवं आणि तो प्यायलेला नको. मी ट्रॅक्टरचा नंबर, ट्रॉली आणि गाडी एका चौकटीत येईल असे फोटो घेतले आणि तिथूनच कंपनीच्या नंबरवर कळवलं. इजा नसल्यामुळं त्यांनी एफआयआर मागितला नाही.

गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजला लागली. ते कंपनीच्या यादीतलं नव्हतं, म्हणून आधी बिल मी भरायचं आणि नंतर पैसे मिळायचे. सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी प्रत्येक भागाशेजारी 'रिपेअर' किंवा 'रिप्लेस' लिहिलं, आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून काय का कापलं जातंय ते विचारत गेले. त्यांनी न कंटाळता सांगितलं. ते बिल माझ्याजवळ अजून आहे.

बंपर ६,००० रुपयांचा. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन यांना गाडीचं वय काहीही असो, ५० टक्के घसारा. ३,००० गेले. हेडलाइट ७,००० चा, तोही प्लॅस्टिकमध्येच धरला, ३,५०० गेले. बॉनेट ८,००० चं, ते धातूचं. धातूला वयाप्रमाणं कापतात, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, म्हणजे २,०००. पुढची काच ६,५०० ची, काचेला घसारा नाही, पूर्ण मिळाली. रंगाचे ८,०००, त्यातला चौथा हिस्सा रंगाचं साहित्य धरतात आणि त्याच्या निम्मं कापतात, म्हणजे १,०००. मजुरी ४,०००, पूर्ण मान्य. कूलंट, क्लिपा, नटबोल्ट यांचे ९०० मात्र साधी पॉलिसी देत नाही. आणि प्रत्येक क्लेममध्ये मालकानं सोसायचे सक्तीचे १,०००, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला. बिल ४०,४००, कपात ११,४००, माझ्या खात्यात आले २९,०००.

गॅरेजवाले म्हणाले, "वहिनी, झिरो डेप असतं तर प्लॅस्टिकचं कायबी गेलं नसतं. आताच्या गाडीत पत्रा हाय कुठं?" त्यांचं म्हणणं बरोबर आहे. घशाऱ्याचे ९,५०० झिरो डेपमुळं वाचले असते. ते सक्तीचे हजार आणि क्लिपा-कूलंट तरीही माझ्याच अंगावर आले असते. त्या बारीकसारीक वस्तूंसाठी कन्झ्युमेबल्स नावाचं वेगळं कवच असतं.

क्लेमचा फॉर्म भरण्याआधी मी घरी एक हिशोब मांडला होता, आणि प्रत्येकानं तो मांडावा. क्लेम केला नसता तर जूनमध्ये माझा एनसीबी ५० वर गेला असता. केला की शून्यापासून सुरुवात. सोयीसाठी ओन डॅमेजचा हप्ता दर वर्षी ९,००० धरला. पहिल्या वर्षी ४,५०० जास्त, मग २० टक्के मिळतो म्हणून २,७०० जास्त, मग २,२५०, १,३५०, आणि पाचव्या वर्षी ४५०. बेरीज ११,२५०. प्रत्यक्षात आयडीव्ही उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणजे आकडा याहून कमीच. समोर २९,००० मिळत होते, तेव्हा क्लेम केला. नुसता बंपर फुटला असता तर निम्मे ३,००० आणि वर सक्तीचे १,००० कापून हातात जेमतेम २,००० आले असते, आणि ते मी खिशातनं भरले असते.

मेमध्ये भाऊजी नूतनीकरणाचा कागद घेऊन आले. आयडीव्ही तक्त्याप्रमाणं आता ५० टक्क्यांच्या रांगेत, साडेतीन लाखांच्या आसपास. कंपनी थोडं खालीवर करायची मुभा देते. खालचा आकडा घेतला तर हप्ता काही शे रुपयांनी कमी दिसत होता. मी वरचा घेतला. झिरो डेप घेतलं; बऱ्याच कंपन्या ते पाच वर्षांपर्यंतच देतात, त्यामुळं माझ्याकडं वेळ थोडाच आहे. कन्झ्युमेबल्स घेतलं. शेवटी इंजिन प्रोटेक्टवर चर्चा झाली, आणि ती लांबली.

आमचे यजमान म्हणाले, पूर पॉलिसीत आहेच की. आहे, पण कसा ते नीट समजून घ्यायला हवं. उभ्या गाडीत पाणी शिरलं, सीट, कार्पेट, वायरिंग खराब झालं, तर साध्या ओन डॅमेजमध्ये भरपाई मिळते. पण पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गेलेलं असताना कुणी स्टार्टर मारला तर पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी हवेसारखं दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जाम होतं. हे नुकसान पुरानं केलं नाही, गाडी चालू केल्यामुळं झालं, असं कंपनी म्हणते आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. २०२१ मध्ये कुंभार गल्लीकडच्या एका ओळखीच्यांचं नेमकं हेच झालं. सीट आणि वायरिंगचे पैसे आले, इंजिनचे नाकारले गेले. त्यांच्या मुलानं पाणी उतरल्यावर चालू होतीय का बघावं म्हणून किल्ली फिरवली होती. त्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आमच्यासारख्या वस्तीत, जिथं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट इशाऱ्याला आणि ४३ फूट धोक्याला कधी पोचते हे दर तासाला मोबाइलवर बघितलं जातं, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आया आधी पोरांच्या वह्या उचलून वर ठेवतात, तिथं हे कवच नसणं मला धोक्याचं वाटतं. पन्हाळ्याच्या किंवा कागलच्या माणसानं वेगळं ठरवलं तर त्यात काही चूक नाही. गाडी कुठं उभी असते यावर हे ठरतं, शोरूमवाल्याच्या पॅकेजवर नाही. आणि कवच घेतलं तरी एक पथ्य राहतंच: पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, बॅटरी सोडवायची, कंपनीला कळवायचं आणि ओढून न्यायची. पथ्य मोडलं तर इंजिन प्रोटेक्ट असूनही वाद होतो, हे भाऊजींनी दोनदा बजावलं.

नूतनीकरणाची तारीख जूनमधली, पुराच्या तोंडावरची. ती चुकवायची नाही हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. एक दिवस जरी खंड पडला तरी कंपनी गाडीची तपासणी मागते, मधल्या दिवसांतलं नुकसान आपलं असतं, आणि ९० दिवस उलटले तर एनसीबीही जातो. आम्ही पंधरा दिवस आधीच पैसे भरले.

एक गोष्ट राहिली होती. थोरल्याला अठरा पूर्ण झाली आणि त्यानं लर्निंग लायसन्स काढलं. तो चालवताना काही झालं तर? भाऊजी म्हणाले, "चालतंय वहिनी, काय न्हाई होत." मी त्यांना पॉलिसीतलं चालकाचं कलम दाखवायला सांगितलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, लर्निंग लायसन्सवाला चालवू शकतो, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा आणि गाडीला पुढं-मागं 'एल'चा फलक हवा. फलक त्याच संध्याकाळी आणले. पुढच्या रविवारी तो आणि त्याचे वडील विद्यापीठाच्या बाजूला सरावाला गेले.